रस्ता न फोडता मलवाहिनी: ठाण्याने हिशेब नव्याने मांडावा

घोडबंदर रस्त्यालगतचे सेवारस्ते मुख्य रस्त्यात विलीन करण्याचे काम हाती घेण्यात आले, तेव्हा तिथल्या रहिवाशांनी घेतलेला एक आक्षेप बारकाईने ऐकण्यासारखा होता. सेवारस्त्यांखाली मलवाहिन्या, जलवाहिन्या आणि केबल आहेत. हे रस्ते मुख्य रस्त्याचाच भाग झाले, तर उद्या एखादे चेंबर तुंबले किंवा वाहिनी खचली की खोदाई थेट अवजड वाहनांच्या मार्गिकेत करावी लागेल, असे त्यांचे म्हणणे होते. विलीनीकरणाने वाहतूककोंडी सुटेल की नाही, हा वाद वेगळा आहे आणि त्यात मी इथे शिरत नाही. पण या आक्षेपाने पुढे आणलेला प्रश्न एकट्या घोडबंदरचा नाही. नौपाडा, पाचपाखाडी, वर्तकनगर, कळवा, मुंब्रा, दिवा यांपैकी कुठेही भुयारी गटाराचे काम निघाले की रस्ता उभा फाडायचा, वाहिनी टाकायची आणि वरून माती लोटायची, ही पद्धत आपण इतकी गृहीत धरली आहे की दुसरा मार्ग असू शकतो, हा विचारसुद्धा निविदा निघण्यापूर्वी होत नाही.

माझे म्हणणे असे आहे की खोल मलवाहिन्यांसाठी, वर्दळीच्या आणि नव्याने काँक्रीट झालेल्या रस्त्यांवर, तसेच रेल्वेमार्ग, महामार्ग व नाले ओलांडताना विनाखोदाई पद्धत हा नियम असावा. उघडी खोदाई करायची असेल, तर ती का, हे अभियंत्याने कागदावर लिहून द्यावे. आज नेमके उलटे आहे. विनाखोदाई काम सुचवणाऱ्याला समर्थन द्यावे लागते आणि खोदाई सुचवणाऱ्याला कोणी काही विचारत नाही.

मलवाहिनी इतर वाहिन्यांपेक्षा वेगळी का, हे आधी पाहिले पाहिजे. पिण्याचे पाणी दाबाने वाहते, त्यामुळे जलवाहिनी जमिनीखाली मीटर-दीड मीटरवर, चढउतार जसा असेल तशी नेता येते. मैलापाणी मात्र उताराने वाहते. पाण्यातली माती आणि मैला तळाशी बसू नये म्हणून प्रवाहाचा वेग सेकंदाला किमान 0.6 मीटर असावा, असे संकल्पनाचे सूत्र आहे, आणि त्यावरून उतार ठरतो. 600 मिलिमीटर व्यासाच्या वाहिनीला किलोमीटरमागे साधारण एक मीटर उतार लागतो. त्याहून लहान वाहिन्यांना तो अधिक लागतो. म्हणजे इमारतीच्या दारात मीटरभर खोलीवर सुरू झालेली वाहिनी पंपिंग स्टेशनजवळ पोहोचेपर्यंत पाच-सहा मीटर खाली गेलेली असते. येऊरच्या डोंगराच्या पायथ्याशी जमिनीचा स्वतःचा उतार मदतीला येतो, पण खाडीकडच्या सपाट भागात वाहिनी खोल, आणखी खोल जात राहते, आणि तिथेच जमीन सर्वांत मऊ व भूजल सर्वांत वर असते.

आता खोदाईचा हिशेब करू. 600 मिलिमीटरची वाहिनी पाच मीटर खोलीवर टाकायची, तर बाजू धरून ठेवण्यासाठी लागणारी जागा धरून चर सुमारे 1.8 मीटर रुंद घ्यावा लागतो. शंभर मीटर लांबीसाठी 900 घनमीटर माती उपसावी लागते. दहा घनमीटरचा डंपर धरला तरी नव्वद फेऱ्या झाल्या, आणि भरावासाठी मुरूम आणण्याच्या फेऱ्या निराळ्या. हीच वाहिनी भूमिगत रीतीने ढकलली, तर वाहिनीच्या बाहेरील व्यासाएवढेच, म्हणजे सुमारे 45 घनमीटर खोदावे लागते. दोन टोकांचे खड्डे मिळवले तरी आकडा 160 घनमीटरच्या आसपास राहतो. ज्या शहरात दिवसा अवजड वाहनांना बंदी घालावी लागते, त्या शहरात हा फरक किरकोळ नाही.

जुन्या ठाण्यातल्या एखाद्या गल्लीत खोल चर खणला जातो, तेव्हा काय घडते ते जवळून पाहावे. गल्लीची रुंदी सहा-सात मीटर, दोन्ही बाजूंना भारवाहक भिंतींच्या जुन्या इमारती, त्यांतल्या काही धोकादायक म्हणून नोटीस मिळालेल्या. चराच्या कडेला पत्रे ठोकलेले असतात, पण ते तळापर्यंत जात नाहीत. दोन मीटरवर जुनी बिडाची जलवाहिनी आडवी लागते. तिला साखळीने वर टांगून खालून खणत जातात. शेजारी वीजवितरणाची केबल लाकडी फळीवर टेकवलेली असते. तिसऱ्या मीटरला पाणी लागते, पंप लावला जातो आणि रात्रंदिवस उपसा सुरू होतो. ते पाणी चराचे नसते, आजूबाजूच्या जमिनीतले असते. भूजल खाली गेले की मऊ माती दबते आणि शेजारच्या पायाखालचा आधार कमी होतो. भिंतीला तडा जाईल तो काम संपल्यावर चार महिन्यांनी, आणि तेव्हा त्याचा संबंध त्या चराशी कोणी जोडणार नाही. दुकानदार मात्र पहिल्या दिवसापासून फळ्या टाकून गिऱ्हाइकाची वाट पाहत असतो.

चरात उतरलेल्या माणसाचा विचार तर सर्वांत आधी व्हायला हवा. एक घनमीटर मातीचे वजन दीड ते दोन टन असते. पाच मीटर खोल चराची बाजू कोसळली, तर खाली सांधा बसवणाऱ्या मजुराला बाहेर पडायला वेळ मिळत नाही. बाजूंना आधार द्यावा, उपसलेली माती कडेपासून दूर ठेवावी, ये-जा करण्यासाठी शिडी असावी, हे सारे नियमांत लिहिलेले आहे, पण अरुंद गल्लीत माती दूर ठेवायला जागाच नसते. तिथे नियम पाळणे आणि काम करणे या दोन्ही गोष्टी एकाच वेळी होऊ शकत नाहीत, हे आपण मान्य केले पाहिजे.

त्यानंतर भरावाची पाळी येते. चर थराथराने भरून प्रत्येक थर दाबायचा असतो. पावसाळा तोंडावर असताना, मे महिन्याच्या अखेरीस, हे थर किती जाडीचे पडतात आणि त्यांवर रोलर किती वेळा फिरतो, हे कोणीही ठाणेकर सांगू शकेल. जून-जुलैच्या पावसात भराव बसतो आणि चराच्या रेषेत रस्ता लांबलचक खचतो. मग खडी, मग डांबर, मग पुढच्या वर्षी पुन्हा तेच. गेल्या काही वर्षांत ठाण्यात अनेक रस्ते काँक्रीटचे किंवा यूटीडब्ल्यूटी पद्धतीचे, म्हणजे जुन्या डांबरावर काँक्रीटचा पातळ थर दिलेले, झाले आहेत. अशा रस्त्याचा एक पट्टा कापून पुन्हा भरला, तरी जुन्या-नव्या काँक्रीटचा सांधा कायम कच्चा राहतो, पाणी तिथूनच आत शिरते आणि वीस-पंचवीस वर्षे टिकावा म्हणून बांधलेला रस्ता त्या पट्ट्यापुरता पाच-सात वर्षांत म्हातारा होतो.

यातला कुठला खर्च निविदेत दिसतो? खोदाई, वाहिनी, चेंबर, भराव, रस्ता पूर्ववत करणे एवढाच. रुग्णवाहिका अडकणे, रिक्षाचालकाच्या फेऱ्या कमी होणे, गोखले रस्त्यासारख्या ठिकाणी सणासुदीच्या तोंडावर दुकानांचा धंदा बुडणे, धूळ, शेजारच्या इमारतीचा तडा, रस्त्याचे घटलेले आयुष्य हे सगळे कोणीतरी भरतेच. फक्त ते महापालिकेच्या खात्यातून जात नाही. उघडी खोदाई स्वस्त आहे हे विधान म्हणूनच अर्धवट आहे. तिच्या खर्चाचा मोठा भाग नागरिकांच्या खिशातून जातो आणि त्याची पावती कोणी देत नाही.

विनाखोदाई पद्धती अनेक आहेत, आणि कोणती पद्धत कुठे हे समजून न घेता एकाच नावाखाली सगळ्यांची भलामण करणे घातक ठरेल. मलवाहिनीसाठी सर्वांत काटेकोर पद्धत म्हणजे सूक्ष्म बोगदा, ज्याला अभियंते मायक्रोटनेलिंग म्हणतात. 1970 च्या दशकात जपानमध्ये ती आकाराला आली. एका टोकाला चार-पाच मीटर व्यासाचा गोल खड्डा घेतात, त्याच्या तळाशी जाडजूड काँक्रीटची भिंत बांधतात आणि तिला टेकवून जलदाबावर चालणारे जॅक बसवतात. पुढे कापणारे यंत्र, मागे वाहिनीचे एकामागून एक नळ. जॅक नळांची सगळी रांग पुढे रेटतो, यंत्राचे चाक माती किंवा खडक कापते, आणि बेंटोनाइट ही चिकणमाती मिसळलेल्या पाण्याबरोबर कापलेला माल नळीतून वर येतो. त्या पाण्याच्या दाबानेच समोरची मऊ माती आणि भूजल जागच्या जागी थोपवले जाते, त्यामुळे उपसा करावा लागत नाही. रस्त्यावर एक कठडा, एक क्रेन आणि एक केबिन एवढेच दिसते. केबिनमध्ये बसलेला चालक पडद्यावर लेसरचा ठिपका लक्ष्याच्या मध्यावर आहे की नाही हे पाहत असतो आणि ठिपका सरकला की यंत्राचे तोंड किंचित वळवतो. शंभर मीटरच्या टप्प्यात चूक दोन-अडीच सेंटिमीटरच्या आत ठेवता येते. शंभर मीटरला एकूण उतारच दहा सेंटिमीटर असताना हा काटेकोरपणा चैनीचा म्हणता येणार नाही. मुंबई महापालिकेने पर्जन्यजलवाहिनीसाठी सँडहर्स्ट रोड स्थानकाजवळ रेल्वे रुळांखालून असाच सूक्ष्म बोगदा नेला आहे. मुंबईच्या शेजारी राहून ठाण्याला हे तंत्र परके वाटण्याचे कारण नाही.

याउलट दूरसंचाराच्या केबल आणि गॅसच्या वाहिन्या टाकण्यासाठी आपल्याकडे सर्रास वापरले जाणारे आडवे ड्रिलिंग उताराच्या मलवाहिनीला सहसा चालत नाही. त्याची दांडी वक्र मार्गाने जाते, आणि वाहिनीत मध्येच पोट आले की तिथे मैला साचतो. दाबाने पंप केलेले मैलापाणी नेणाऱ्या वाहिनीसाठी, म्हणजे पंपिंग स्टेशनपासून मलप्रक्रिया केंद्राकडे नाला ओलांडून जाताना, ते उत्तम आहे.

जुन्या वाहिन्यांचा प्रश्न मला नव्या वाहिन्यांहून मोठा वाटतो. मैलापाण्यातून निघणारा हायड्रोजन सल्फाइड वाहिनीच्या वरच्या भागात ओलाव्यात मिसळतो, जिवाणूंमुळे त्याचे गंधकाम्ल होते आणि काँक्रीटचे छत आतून कुजत जाते. वरून काही दिसत नाही; एके दिवशी रस्त्यात खड्डा पडतो आणि त्यात बसचे चाक अडकते. अशा वाहिनीत राळेत भिजवलेली मऊ नळी पाण्याच्या किंवा हवेच्या दाबाने आत उलटवत नेतात, वाफेने, गरम पाण्याने किंवा अतिनील प्रकाशाने ती कडक करतात, आणि जुन्या वाहिनीच्या पोटात नवी, बिनसांध्याची वाहिनी तयार होते. एरिक वुड यांनी 1971 मध्ये लंडनच्या हॅकनी भागात हा प्रयोग पहिल्यांदा केला. नळी बसेपर्यंत मैलापाणी पंपाने वळवावे लागते आणि घरांच्या जोडण्यांची तोंडे आतून यंत्राने कापून मोकळी करावी लागतात. हे कौशल्याचे काम आहे, पण रस्ता जवळजवळ अस्पर्श राहतो.

नवी मुंबईसाठी आणखी एका पद्धतीचा विचार आजच व्हायला हवा. 1970 मध्ये स्थापन झालेल्या सिडकोने हे शहर वसवताना भुयारी गटारे आधीच आखली, त्यामुळे तिथे ठाण्यासारखी सुरुवातीपासूनची ओढाताण नाही. पण वाशी, नेरुळमध्ये सिडकोच्या तीन-चार मजली इमारती पाडून तिथे उंच मनोरे उभे राहत आहेत. चार मजल्यांच्या हिशेबाने टाकलेल्या वाहिनीवर त्याच्या कितीतरी पट भार येणार आहे. जुन्या वाहिनीतून शंकूच्या आकाराचे डोके ओढत नेऊन ती आतल्या आत फोडायची आणि मागोमाग त्याहून मोठ्या व्यासाची नवी वाहिनी ओढून घ्यायची, ही पद्धत 1970 च्या दशकाच्या अखेरीस ब्रिटनमध्ये गॅसवाहिन्या बदलण्यासाठी निघाली आणि पुढे मलवाहिन्यांकडे वळली. लोखंडी सळ्यांच्या काँक्रीट नळाला ती तितकीशी लागू पडत नाही, पण चिनीमातीच्या आणि साध्या काँक्रीटच्या नळांना चांगली लागू पडते. पुनर्विकासाची परवानगी देतानाच विकासकाकडून या कामाचा वाटा घेतला, तर दहा वर्षांनी तिथले रस्ते फोडण्याची वेळ येणार नाही.

या मांडणीवरचे आक्षेप मला ठाऊक आहेत आणि त्यांतले काही खरे आहेत. मीटरमागचा दर उघड्या खोदाईपेक्षा जास्त असतो, हे मान्यच आहे. उथळ वाहिनीसाठी, मोकळ्या माळावर किंवा रस्ताच व्हायचा बाकी असलेल्या नव्या वसाहतीत चर खणणेच शहाणपणाचे आहे. घरांच्या जोडण्या बहुतेक ठिकाणी खणूनच द्याव्या लागतील. खोली वाढत जाते तशी दरातली तफावत मात्र झपाट्याने कमी होते, कारण चराचा आधार, उपसा आणि भराव यांचा खर्च खोलीबरोबर वाढतो आणि बोगद्याचा तितका वाढत नाही.

दुसरा आक्षेप आपल्या जमिनीविषयी आहे, आणि तो अधिक गंभीर आहे. ठाण्याच्या पोटात काळा पाषाण आहे, त्यावर मुरूम, आणि खाडीकडे चिकट गाळ. एकाच शंभर मीटरमध्ये यंत्राच्या तोंडाचा खालचा अर्धा भाग खडकात आणि वरचा मातीत असू शकतो. अशा वेळी यंत्र मऊ बाजूला ओढले जाते आणि वाहिनी वाकते. मध्येच मोठा धोंडा किंवा जुन्या बांधकामाचा पाया लागला, तर यंत्र अडकते आणि त्याला सोडवण्यासाठी शेवटी वरून खणावेच लागते. या आक्षेपाला एकच उत्तर आहे आणि ते म्हणजे आधी तपासणी. मार्गावर ठरावीक अंतरावर बोअर घेऊन माती-खडकाचा छेद निविदेसोबत द्यायला हवा. तो न देता धोका ठेकेदाराच्या गळ्यात घातला की तो एकतर दर फुगवतो किंवा काम अर्धवट सोडून न्यायालयात जातो.

तिसरा धोका फारसा बोलला जात नाही. जमिनीखाली न पाहता ड्रिल मारणारे दुसऱ्याच्या वाहिनीतून आरपार जातात. गॅसची वाहिनी मलवाहिनीला भोसकून गेली, तर त्या वेळी काहीच कळत नाही. वर्ष-दोन वर्षांनी गटार तुंबते, सफाईचे यंत्र आत जाते आणि गॅसची वाहिनी कापते. विनाखोदाई तंत्राचा पुरस्कार करणाऱ्याने हा धोका आधी सांगितला पाहिजे. केंद्र सरकारने मार्च 2023 मध्ये खोदण्यापूर्वी संबंधित यंत्रणांना कळवण्यासाठी एक ॲप आणले, पण ज्या यंत्रणेकडे स्वतःच्याच वाहिनीची खोली नोंदलेली नाही, ती उत्तर काय देणार? प्रत्येक ड्रिलच्या आधी आणि नंतर त्या टप्प्यातल्या मलवाहिनीची कॅमेऱ्याने पाहणी झाली पाहिजे आणि तिचा खर्च ड्रिल मारणाऱ्या कंपनीने सोसला पाहिजे.

एका गोष्टीवर मात्र तडजोड होऊ नये. आपल्याकडे पाईप पुशिंगच्या नावाखाली अनेकदा जॅकने नळ रेटतात आणि त्या नळात एखादा माणूस गुडघ्यांवर बसून छिन्नी-हातोडीने किंवा ब्रेकरने समोरची माती फोडतो. रस्ता वाचतो, पण मीटरभर व्यासाच्या नळीत, जुन्या गटाराच्या शेजारी, विषारी वायू कधी झिरपेल याचा नेम नसताना तो माणूस आत असतो. मे 2019 मध्ये ठाण्यातच, ढोकाळीच्या एका गृहसंकुलात मलप्रक्रियेची टाकी साफ करताना तीन कामगार गुदमरून मरण पावले. तिथे वाहिनी टाकण्याचे काम नव्हते, पण बंदिस्त जागेतला वायू कामाचे स्वरूप विचारत नाही. हाताने मैला साफ करण्याच्या प्रथेवर बंदी घालणारा कायदा 2013 मध्ये झाला, आणि गटारातल्या मृत्यूसाठी तीस लाख रुपये भरपाई द्यावी, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर 2023 मध्ये दिला. नळीत माणूस घालून केलेले काम महापालिकेने विनाखोदाई म्हणून स्वीकारूच नये. यंत्र दुरून चालवले जाणार असेल तरच त्या कामाला विनाखोदाईचा दर मिळावा.

माणसाचा विचार इथेच संपत नाही. बिनसांध्याच्या, आतून गुळगुळीत वाहिनीत माती झिरपत नाही, झाडांची मुळे शिरत नाहीत, उतार बिघडत नाही, म्हणून ती कमी तुंबते. जितके कमी तुंबेल तितक्या कमी वेळा कोणाला चेंबरचे झाकण उघडावे लागेल. पावसाळ्यात उघड्या सांध्यांतून वाहिनीत शिरणारे भूजलही थांबेल, आणि शुद्धीकरणासाठी बांधलेल्या केंद्रात नुसते पावसाचे पाणी गाळत बसण्याची वेळ येणार नाही.

मग करायचे काय? सर्वांत आधी कॅमेरा. ठाणे महापालिकेने आपल्या मलवाहिन्यांची, निदान दहा-पंधरा वर्षांहून जुन्या मुख्य वाहिन्यांची आतून पाहणी करून प्रभागनिहाय नकाशे प्रसिद्ध करावेत. कुठे छत कुजले आहे, कुठे पोट आले आहे, हे नगरसेवकाला आणि नागरिकाला एकाच वेळी दिसले पाहिजे. विनाखोदाई कामांची स्वतंत्र दरसूची हवी. ती नसली की कनिष्ठ अभियंता ओळखीच्या चराकडेच वळतो, आणि त्यात त्याला दोष देता येत नाही. अडीच-तीन मीटरपेक्षा खोल प्रत्येक मलवाहिनीच्या अंदाजपत्रकात दोन्ही पद्धतींचे आकडे शेजारी-शेजारी असावेत. त्यांत रस्ता किती दिवस बंद राहील, किती डंपर फिरतील आणि रस्त्याचे आयुष्य किती घटेल, हेही मांडलेले असावे. दोषदायित्वाचा कालावधी, म्हणजे कामातले दोष ठेकेदाराने स्वखर्चाने दुरुस्त करून देण्याची मुदत, चराच्या कामाला किमान पाच पावसाळ्यांचा ठेवला, तर स्वस्त दर भरणारे आपोआप विचार करू लागतील.

घोडबंदरला तर थांबायला वेळच नाही. जिथे सेवारस्ता मुख्य रस्त्यात जात आहे, तिथे काँक्रीट पडण्यापूर्वी जुन्या वाहिन्यांची कॅमेऱ्याने पाहणी व्हावी, कुजलेल्या टप्प्यांना आतून अस्तर बसावे, आणि पुढे लागणाऱ्या जोडण्यांसाठी रस्त्याच्या आरपार मोकळे नळ ठरावीक अंतरावर टाकून त्यांची खोली व जागा नोंदवून ठेवावी. हे नळ आज चरात टाकता येतात आणि त्यांचा खर्च रस्त्याच्या कामात सहज सामावतो. काँक्रीट पडल्यावर त्याच जोडणीसाठी एकतर यंत्र आणावे लागेल किंवा रस्ता कापावा लागेल.